डाव्या डोळ्यातला तीळ

आई, परवा डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यात उजेड टाकला आणि विचारलं, पांढऱ्या भागातला हा तीळ जन्मापासूनचा का. मी हो म्हटलं. काळजीचं काही नाही म्हणाल्या आणि उजव्या डोळ्याकडे वळल्या. घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्या तिळाबद्दल आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा कधी विचारलं नाहीस. तू तो नुसता ब्रशने काढत राहिलीस, किती वेळा कोण जाणे. म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी भांडायचं आता काही उरलेलं नाही. थोडं सांगायचं राहून गेलं आहे, तेवढंच.

घाटकोपरच्या आपल्या खोलीत खरा उजेड यायचा तो स्वयंपाकघरातल्या खिडकीतून. ओट्याच्या कडेला तुझं कामाचं फळकूट, त्यावर रंगांच्या वड्या, पाण्याची वाटी, आणि इतके बारीक ब्रश की त्यांना चार केसच असतील असं वाटावं. स्टुडिओवाले काका तुझ्याकडे प्रिंट पाठवायचे. लग्नाचे फोटो रंगवणं, पासपोर्टच्या फोटोतले डाग झाकणं हे रोजचं काम. पण त्यांना तुझ्यावाचून अडायचं ते वेगळ्याच कामासाठी. तेव्हा आपल्या आसपास कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांचा एकही फोटो नसायचा. माणूस गेलं की बाहेर तिरडीची तयारी चाललेली असताना घरातलं कोणीतरी स्टुडिओत धावत यायचं. काका कॅमेरा घेऊन जायचे, आणि एक-दोन दिवसांत तो चेहरा मोठा होऊन तुझ्या फळकुटावर असायचा. नाकात कापूस, आत गेलेले गाल, मिटलेले डोळे. तू कापूस काढायचीस, गाल भरायचीस, कपाळावरची आठी सैल करायचीस आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडायचीस. मग काका त्याचा पुन्हा फोटो घेऊन, फ्रेम करून द्यायचे. घरचे लोक भिंतीकडे बघून म्हणायचे, आता बोलतील असं वाटतंय.

डोळे करायला घेतलेस की तू मला समोर पाटावर बसवायचीस. शेंगा सोल, पाढे म्हण, काही कर, पण इथे बस. "मान आखडते गो. मधून मधून वर बघायला समोर कोणीतरी हवं," असं सांगायचीस. मी बसायचे. तू खाली बघायचीस, वर बघायचीस, परत खाली. तुझी नजर माझ्या तोंडावर यायची, पण ती मला बघायला आलेली नसायची, एवढं मला त्या वयातही कळत होतं. मी हसले तरी तू हसायची नाहीस. वैद्य जीभ बघतो तसं काहीतरी होतं ते. खिडकीतला उजेड तोंडावर येत असायचा, डोळ्यांना पाणी यायचं, आणि डोळे मिटले की तुझा आवाज यायचा, "मिटू नको."

एका दुपारी शेजारणीने हाक मारली म्हणून तू फोटोवर फडकं टाकून बाहेर गेलीस. मी फडकं उचललं. कोणीतरी म्हातारी होती. तिचा एक डोळा मिटलेला होता आणि एक उघडा. तिने मला काही खुणावलं असं वाटलं, तू येण्याच्या आत काहीतरी सांगायचं असल्यासारखं. मी घाईघाईने फडकं टाकलं, पण ते तू टाकलं होतंस तसं पडलं नसणार. तू आलीस, फडक्याकडे बघितलंस आणि माझा दंड धरलास. "काम अर्धं असताना बघायचं नाही. मग तो डोळा तुझ्याचकडे बघत राहतो." मारलं नाहीस. आवाजसुद्धा चढवला नाहीस. पोळ्या करायच्या बाजूला ठेवून तू मला पाटावर बसवलंस आणि तो दुसरा डोळा पुरा केलास. एक डोळा उघडा ठेवून तू कधीही कामावरून उठायची नाहीस, त्या दिवशी कशी उठलीस कोण जाणे. त्यानंतर कधीच उठली नाहीस.

मी कलाशाळेत फोटोग्राफी घेतली तेव्हा बाबा कंपनीतून आल्या आल्या म्हणाले, "घरात एक आहे ती पुरे नाही का?" चार दिवसांनी काकांचा जुना कॅमेरा, तो दोन भिंगांचा, वरून मान घालून बघायचा, कापडी पिशवीत गुंडाळून आणलास आणि डब्यांच्या फळीवर ठेवलास. "वापर," एवढंच म्हणालीस. मी तो गळ्यात घालून मिठागरं पालथी घातली, खाडीच्या कडेने हिंडले, घाटकोपरच्या टेकडीवरच्या झोपड्यांमधून चढले-उतरले.

शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी एका ट्रस्टबद्दल सांगितलं. उत्तरेकडे डोंगरात त्यांचा जुना बंगला होता. नव्या चित्रकारांना, फोटोग्राफरना ते दोन महिने तिथे ठेवून घेत. खोली, डार्करूम, दोन वेळचं जेवण. आणि काम काय केलंत असं कोणी विचारायचं नाही. मी तुला हे समजावून सांगत होते तेव्हा तू भाकरी थापत होतीस.

"म्हणजे माहेरपणच की गो."

"माहेरपण नाही, आई. रेसिडेन्सी म्हणतात त्याला. अर्ज करावा लागतो. मग ते निवडतात."

"माहेरीसुद्धा कोणीतरी बोलवावंच लागतं," तू म्हणालीस. "काय काय मागतात?"

"बारा फोटो. आणि आपण काय काम करतो ते पानभर इंग्रजीत."

"काय लिहिलंस मग?"

"लिहिलंय, मी उपनगरातलं आयुष्य टिपते."

"टिपते म्हणजे काय करतेस?"

त्या वर्षी दोन ओळींचा नकार आला. पुढच्या वर्षी निदान मुलाखतीला बोलावलं, फोर्टातल्या एका कचेरीत. तिथे खादीची साडी नेसलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझे फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "माणसं आहेत तुमच्या फोटोंत, पण एकही तुमच्याकडे बघत नाही. सगळी पाठमोरी. असं का?" मी म्हटलं, लोकांना कळू न देता काढलेले फोटो खरे असतात. त्या हसल्या. तेव्हाच मला कळलं की यंदाही नाही. बसने घरी येताना खरं उत्तर सुचलं. कोणी माझ्याकडे रोखून बघायला लागलं की मला पाटावर बसल्यासारखं व्हायचं. म्हणून मी माणसांच्या मागे जाऊन उभी राहायचे.

तिसऱ्या वर्षी अर्ज करायचा नाही असं ठरवलं होतं. पण काकांचा माणूस गावाला गेला होता आणि नाहूरला एक फ्रेम पोचवायची होती. तू म्हणालीस, तू जा. स्टेशनपासून आत, बैठ्या चाळीत एक म्हातारे गृहस्थ राहत होते. बायको महिन्यापूर्वी गेली होती, मुलगा आखाती देशात होता. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाले. कोण, कुठून आलीस, काही विचारलं नाही. खुर्ची पुसली. म्हणाले, "उशीर केलास."

मला वाटलं, फ्रेमबद्दल बोलत आहेत. मी काकांच्या वतीने माफी मागितली. त्यांनी फ्रेम खिळ्याला लावली आणि म्हणाले, मुलाला पाठवायला या खोलीचा एक फोटो काढ. मी काढला. पलंग, त्यावरची घडी घातलेली गोधडी, पाण्याचं मडकं, आणि वर भिंतीवर त्यांची बायको. वरून भिंगात बघताना पहिल्यांदाच माझ्या फोटोतलं कोणीतरी सरळ माझ्याकडे बघत होतं, आणि मी नजर काढली नाही.

मग मी तुझ्याकडून, काकांकडून पत्ते घेतले आणि अशा घरांतून फिरायला लागले. मुलुंड, विक्रोळी, घाटकोपरची टेकडी. खोलीचा फोटो काढते, एक प्रिंट तुम्हालाही देते, एवढं सांगायचे. कोणी नाही म्हटलं नाही. आधी मला वाटायचं, लोक चांगले आहेत, किंवा तुझं नाव चालतंय. पण कुठल्याच दारात मला ओळख सांगावी लागत नव्हती, याचं नंतर नंतर नवल वाटायला लागलं. टेकडीवरच्या एका घरात लहान मुलगी दाराआड गेली, तिथून एक बोट काढून आधी आजीच्या फोटोकडे दाखवलं, मग माझ्याकडे. तिची आई हसली. हसणं अर्धवट राहिलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

वाकोल्याच्या बाईंबद्दल मी तुला कधी बोलले नाही. त्यांचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा तापाने गेला होता. फोटो भिंतीवर होता, पण त्या तिकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मला जेवायला बसवलं. मासे केले होते. मी नको म्हटलं तर ऐकेनात. समोर बसून राहिल्या. पंख्याचा आवाज आणि माझ्या चावण्याचा आवाज, दुसरं काही नाही. थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जेवताना खाली बघू नको."

मी ताटातलं सगळं संपवलं, वर बघत. घास हाताने चाचपून घेत होते. निघताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर भाजीवाले ओरडत होते, आणि मी स्टेशन येईपर्यंत मान वर केली नाही.

शेवटी तिसऱ्यांदा अर्ज करायचं ठरवलं आणि प्रिंट निवडायला मी ते स्वयंपाकघरातच फरशीवर मांडले. तू पीठ चाळत होतीस. मी उभ्याने वाकून बघत होते आणि खालून ते सगळे माझ्याकडे बघत होते. म्हाताऱ्या, एक पोरगा, एक टोपीवाले आजोबा, एक बाळंतीण. चेहरे वेगळे, पापण्या वेगळ्या, सुरकुत्या ज्याच्या त्याच्या. काहीतरी सारखं होतं, पण काय ते कळेना. मग मी भिंग आणलं. नाहूरच्या आजींच्या डाव्या डोळ्यात, पांढऱ्या भागात, बाहेरच्या कोपऱ्याकडे एक ठिपका होता. मला वाटलं, निगेटिव्हवर धूळ असेल. वाकोल्याच्या मुलाला होता. टोपीवाल्या आजोबांना होता. मी उठून कपाटाच्या आरशापाशी गेले, आणि परत आले.

"आई, हे डोळे कोणाचे आहेत?"

"ज्यांचे त्यांचे," तू म्हणालीस. चाळणी थांबली नाही.

"तीळ सगळ्यांनाच होता?"

मग थांबलीस. हाताचं पीठ झटकलंस. "कोणाचे काढणार मग? समोर तूच असायचीस."

"घरच्यांना विचारायचं होतंस."

"विचारायचे गो. पहिल्या पहिल्यांदा विचारायचे. नवऱ्याला विचारलं, बायकोचे डोळे कसे होते? म्हणाला, काळे. मुलाला विचारलं, आईचे कसे होते? चांगले होते. कोणाला धड सांगता येत नाही. घरातल्या माणसाचे डोळे कोणी बघून ठेवत नाही."

"निदान तीळ तरी सोडायचास."

"सोडून बघितला," तू म्हणालीस. "मग ते नुसते भिंतीवर राहतात."

हे तू इतक्या सहज म्हणालीस, जसं काही मीठ सोडलं तर आमटी अळणी होते म्हणावं. मी फरशीवर बसून राहिले. तू पुन्हा चाळायला लागलीस. जरा वेळाने म्हणालीस, "तुझं काही कमी झालं का त्याने?" मी प्रिंट एकावर एक रचायला लागले.

मी तेच फोटो पाठवले. पानभर मजकुराच्या जागी एकच वाक्य लिहिलं: या घरांतले डोळे माझ्या आईने काढले आहेत. सर म्हणाले, फारच थोडं आहे. मी म्हटलं, राहू दे. मुलाखतीला त्याच खादीच्या साडीच्या बाई होत्या. त्यांनी एक एक फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं, मग परत फोटोंकडे, आणि सगळे गोळा करून टेबलावर पालथे घातले. काही विचारलं नाही. आठवड्याने निवड झाल्याचं कळलं.

मला जायचं होतं ते कामासाठी नव्हे. तोवर नाहूरचे आजोबा आपल्याकडे यायला लागले होते. शनिवारी दुपारी यायचे, चपला दारात अगदी सरळ लावायचे आणि माझ्या समोर बसायचे. माझ्याकडे बघून बोलायचे, पण बोलणं माझ्याशी नसायचं. "मुलाचा फोन आला होता, शेजाऱ्यांकडे. बरा आहे. पाण्याची वेळ बदलली आपल्याकडे. माळ्यावरची पितळी भांडी काढली नाहीत मी, तशीच आहेत." मी हं म्हणायचे. हं नाही म्हटलं तर ते थांबून राहायचे. ते गेल्यावर एकदा मी तुझ्यावर ओरडले की मला हे नको, त्यांना सांग येऊ नका म्हणून. तू कपबशी विसळत होतीस. "म्हातारा माणूस आहे. बघू दे थोडा वेळ," म्हणालीस. मी बॅग भरायला घेतली त्या शनिवारीही ते आले. कुठे निघालीस, असं त्यांनी विचारलं. डोंगरात, दोन महिने, मी सांगितलं. "मागच्या वेळीही असंच सांगून गेलीस," म्हणाले.

बंगला छान होता. देवदार, थंडी, पत्र्याच्या छपरावर माकडं. एक मूर्तिकार, एक चित्रकार मुलगी, स्वयंपाकी, आणि ट्रस्टच्या त्या बाई कधीतरी. सगळे माझ्याकडे बघत, माणसं एकमेकांकडे बघतात तसं. मीठ द्या, दार ओढून घ्या. कोणी दचकलं नाही. कोणी खुर्ची पुसली नाही. पहिले आठ दिवस मी नुसती झोपले. मग फोटो काढायला लागले: झाडं, वाटा, धुकं, रिकाम्या खोल्या. डार्करूममध्ये कागद रसायनात घातला की हळूहळू झाडं वर यायची, वाटा वर यायच्या, आणि मी वाट बघत राहायचे की अजून काहीतरी येईल. काही यायचं नाही. सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं की माझेच डोळे कोणीतरी बसून, नीट काढल्यासारखे वाटायचे. तिळासकट.

परत आले तेव्हा दुपार होती. तू दार उघडलंस, बॅग घेतलीस, पाणी दिलंस. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ओळीने प्रिंट उभे होते. सगळ्यांचे गाल भरलेले, कपाळं सैल, रंग दिलेले, केस विंचरल्यासारखे. आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. दोन महिन्यांत गेलेली माणसं. काका रोज निरोप पाठवत होते, घरचे लोक येऊन विचारून जात होते, आणि तू सांगत होतीस, होईल, जरा थांबा.

"का नाही केलेस?" मी विचारलं.

"जमेनात," तू म्हणालीस. "करायला बसले की कोणाचेच येईनात."

ओळीत शेवटी नाहूरचे आजोबा होते. मला ते आधी ओळखूच आले नाहीत. डोळे मिटलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तू माझ्यामागे उभी होतीस. "तीन आठवडे झाले. मुलगा येऊन गेला," म्हणालीस. "त्याला सांगितलं, फोटो उशिरा मिळेल. त्यांच्या बायकोच्या शेजारी लावायचाय." मग तू फळकूट पुसलंस, वाटीत पाणी घेतलंस, पाट खिडकीसमोर सरकवलास आणि माझ्याकडे न बघता उभी राहिलीस. बस म्हणाली नाहीस. आजवर कधी विचारलं नव्हतंस, त्या दिवशी विचारत होतीस. मी प्रवासाच्या कपड्यांतच बसले. उजेड तोंडावर आला. तू खाली बघितलंस, वर बघितलंस. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी डोळे उघडले.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी अर्ज केले, पुष्कळ बंगल्यांतून राहून आले, आणि लोक मला फोटोग्राफर म्हणून ओळखायला लागले. रंगीत फोटो घरोघर झाले तसं तुझं काम आपोआप बंद पडलं. तू गेलीस तेव्हा कोणाला स्टुडिओत धावत जावं लागलं नाही. खिडकीत बसून काम करतानाचा तुझा फोटो माझ्याकडे होता. त्यात तू खाली बघते आहेस.

एक मात्र खरं सांगते. दोन महिने संपले म्हणून मी परत आले, असं तू धरून चालली होतीस आणि मी तसं चालू दिलं. ट्रस्टच्या बाईंनी मला थंडी सरेपर्यंत राहा म्हटलं होतं. काम नुकतं कुठे सुरू होतंय, म्हणाल्या. मी सांगितलं, आईची तब्येत बरी नाही. तू ठणठणीत होतीस. तिथे माझ्याकडे कोणी त्या घरांतून बघायचे तसं बघत नव्हतं, आणि ते मला सोसलं नाही. हे तुझ्या हाती पडणार असतं तर लिहिलं नसतं.